राणी झाल्याचा लाल भात

अबिरु सरांनी मधमाश्यांचा ओंडका डोंगरावरून अंगणात आणला, तेव्हा त्यात शेजाऱ्यांचा काही संबंध नव्हता. पण नवं बिऱ्हाड आलं की आसपास टॉवेल वाटून ‘सांभाळून घ्या’ म्हणायची त्सुशिमा बेटावर रीत. पाच-सात हजार जणांचं बिऱ्हाड आणून गप्प बसणं सरांना पटेना. बारा घरी टॉवेल गेले.

दुसऱ्याच दिवशी ओंडक्याच्या तोंडाशी राणीमाशी मरून पडलेली दिसली. वाटेतल्या हादऱ्यांनी घात केला होता. ओंडका तोमिएच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, वारलेल्या भावाचा. त्याची तेवढीच आठवण उरलेली. शेजारच्या मिसाओ आजींनी बजावलं, की माश्या एखाद्या अळीची नवी राणी करतील, पण महिनाभर हात लावायचा नाही. महिन्यानंतरच्या रविवारी राणी नसली, तर त्या पोरक्या माश्या आजी स्वतःकडच्या पोळ्यात मिसळून घेणार होत्या.

सरांनी चाळीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलेलं. तरी ते रोज ओंडका तिरका करून खालून आरसा धरत, राणीने घातलेली अंडी शोधत. (शंका आली की मोजायचं, याखेरीज त्यांना काही येत नव्हतं.) अंडी नाहीत की आपल्याला दिसत नाहीत, हे काही ठरेना.

टॉवेलवाले शेजारी रोज विचारू लागले, झाली का राणी? तोंडावर ‘नाही’ म्हणणं उद्धटपणाचं, म्हणून सर म्हणत, तशी शक्यता अगदीच नाही असं म्हणता येणार नाही. तिथला सभ्य माणूस नकार असाच देतो. पण शेजारीही सभ्य. त्यांनी चांगला तेवढा अर्थ घेतला, आणि मुदतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तीन घरांतून शुभकार्याचा लाल भात आला.

“हा खाल्ला तर आपण खोटे ठरतो,” सर म्हणाले.

“अहो, आणि परत केला तर उर्मट.” तोमिएने वाढून घेतलं, पण घास उचलला नाही. “दादाच्या माश्या आहेत. राहतील की जातील, तेवढं सांगा.”

रविवारी सकाळी सरांनी पुन्हा पाहिलं. काही नाही. मग सूट चढवून ते बारा घरी माफी मागायला निघाले. घरोघरी चहा झाला, दुपार कलली.

परतले तेव्हा मिसाओ आजी माश्या न्यायची रिकामी पेटी घेऊन ओंडक्यापाशी बसल्या होत्या. पेटी उघडलेली नव्हती. माश्या दोन्ही पायांना परागाचे पिवळे गोळे लावून घाईघाईने आत शिरत होत्या.

“घरात पिल्लं असल्याशिवाय एवढा बाजार कुणी करत नाही,” आजी म्हणाल्या. “राणी आहे.” तोमिए पदराने, म्हणजे एप्रनने, डोळे पुसत होती.

“पण सकाळी मी स्वतः पाहिलं,” सर पुटपुटले.

“रोज कुणी घर तिरकं करून डोकावलं, तर तुम्ही तरी जेवाल का? आज दिवसभर तुम्ही नव्हता. लागल्या कामाला बिचाऱ्या.”

सरांना आता बारा घरी जाऊन माफीची माफी मागणं भाग होतं. तोमिएने त्यांचा सूट झटकून दारामागे टांगला.

“उद्या सकाळीच निघा,” ती म्हणाली. “परवा तुम्हाला ओंडक्यापासून लांब कुठे पाठवायचं, ते आम्ही दोघी बघतो.”