घूस आणि सोनकी

नवसाबाईच्या दहाव्याला भाषण कोण करणार, हा प्रश्न सायखेड्यात कुणाला पडलाच नाही. गावातल्या प्रत्येक दशक्रियेला झुंबर गुरुजीच बोलत. आदल्या दिवशी त्यांनी नवसाबाईच्या नवऱ्याला, सावळीरामला, फोन करून बाईंची एखादी आठवण मागितली. सावळीराम शेवंतीच्या वावरात होता, शेजारी मोटार चालू होती आणि गुरुजींना एका कानानं कमी ऐकू यायचं. त्यात सावळीराम दिवसाकाठी चार शब्द बोलणारा माणूस. त्यानं कसंबसं सांगितलं, की ती मला घूस म्हणायची आणि ती स्वतः म्हणजे डोंगरात फुलणारी पिवळी सोनकी. गुरुजींनी दोन्ही शब्द बरोबर टिपून घेतले. माणसं तेवढी उलटी लिहिली.

सकाळी गोदाकाठी दोनशे माणसं बसली होती. गुरुजींनी माईक घेतला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "नवसाबाई गेल्या. एक घूस आपल्यातून निघून गेली."

बायकांत कुणीतरी खोकलं. पुरुषांनी उपरण्यात तोंडं लपवली. त्र्यंबककडून आलेला नवसाबाईचा भाऊ जीवन जागचा उठला. गुरुजींना वाटलं, लोकांना उपमा कळली नाही. म्हणून ते फोड करून सांगू लागले. घूस कष्टाळू असते, सारखी उकरते, दाणा दाणा बिळात नेते. सावळीराम मात्र सोनकीच्या फुलासारखा नाजूक. इथं हसू फुटलंच. जीवन गुरुजींच्या अंगावर धावला, सावळीराम मधे पडला आणि त्या झटापटीत माईक त्याच्याच हातात आला.

"घूस मी हाय," तो म्हणाला. "पावणे आले का मी वावरात पळायचो. ती म्हनायची, गेली घूस बिळात. मंग सगळ्यांचं तीच करायची."

"आन् सोनकी?" जीवननं विचारलं. "ताईला सोनकी कोन म्हनायचं, दाजी?"

सावळीराम नदीकडं वळला.

"मीच. मनात. तिला बघाया आलो तव्हा तुमचा सगळा डोंगर पिवळा होता. तव्हापासून. पन तिला कधी बोललो नाय. तोंडातून पहिल्यांदा निघालं ते काल, गुरुजींपाशी."

जीवन खाली बसला. माईक बंद कसा करतात हे सावळीरामला ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्याचं रडू कर्ण्यातून नदीपलीकडच्या वावरांपर्यंत ऐकू गेलं.