कौतिकाबाईंचं अस्तर

आमच्या गल्लीतले नाना वारले तेव्हाची गोष्ट. अंगणात मांडव घातला होता, माणसं माना खाली घालून बसली होती आणि आतून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. अशा वेळी कौतिकाबाई मांडवाच्या कनातीपाशी उभ्या राहून ती कनात आपल्या गालावर घासत होत्या. आधी उजव्या, मग डाव्या. समाधान झालं तसं त्यांनी मांडववाल्याला बोलावलं आणि, त्यांच्या मते हळू आवाजात, सांगितलं, "हे फाटलं का मले सांगजो गा. फेकू नोको."

आत नानींनीसुद्धा हुंदका मधेच थांबवला.

कौतिकाबाई मोहाडीतल्या एका शाळेत मुलींना शिवण शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर आमच्या समोरच्या दोन खोल्यांत एकट्या राहू लागल्या आणि त्यांनी गोधड्या शिवायला घेतल्या. वरची बाजू बघाल तर हात जोडाल. चिंध्यांचे चौकोन कसे नीट बसलेले, टाका पट्टीनं आखल्यासारखा सरळ. संकट गोधडी उलटी केल्यावर सुरू होई.

सगळं जग गोधडीला जुन्या लुगड्याचं नाहीतर धोतराचं अस्तर लावतं. मऊ असतं, घरात असतं, प्रश्न मिटतो. बाईंना हे मान्य नव्हतं. "लुगडं तं कोणीबी लावते," त्या म्हणत. "त्यात डोस्कं कायचं लागते? वरची बाजू लोकायले, अस्तर आंगाले. म्हून आंगाले विचारा लागते."

अंगाला विचारायचं म्हणजे गालाला लावायचं. आठवडी बाजारात त्या धान्याच्या पोत्यांना गाल लावत. बँडवाल्याच्या कोटाला, छत्रीला, देवळाच्या पडद्याला लावत. एकदा आमच्या कार्यालयात दाखला काढायला आल्या आणि बैठकीच्या टेबलावरच्या हिरव्या बनातीवर डोकं टेकवून उभ्या राहिल्या. शिपाई घाबरून पाणी घेऊन धावला. आठवड्यानं त्यांचा रीतसर अर्ज आला : कार्यालयातील हिरवे टेबलक्लॉथ जुने म्हणून निर्लेखित झाल्यास अर्जदारास मिळावे. तो कुठल्या टेबलाकडे पाठवायचा यावर आमच्याकडे बराच काळ विचार झाला. शेवटी त्या बाई समोर राहतात म्हणून अर्ज माझ्याकडे आला.

त्यांनी माझी पॅन्टही मागितली होती. मी ती घातलेली असताना. "टेरिकॉट आहे ना? अजून किती दिवस वापरतं तू?" असं भर चौकात, कापड चिमटीत धरून. तेव्हापासून मी त्यांच्या दारावरून थोडा वेगात जाई.

एवढं करून त्या गोधड्या स्वतःकडे ठेवत नसत. वाटून टाकत. सिहोऱ्याच्या भाचीला बाळ झालं तेव्हा जीन्सच्या अस्तराची गोधडी गेली. ते पोर गोधडीखाली झोपलंय की गोधडी पोरावर बसलीय हे कळेना. भाचीनं ती दारात पायपुसणं म्हणून टाकली आणि बाई भेटायला आल्या की धावत जाऊन पाळण्यात ठेवायची.

आम्ही जुनं घर पाडून नवं बांधलं, त्या वास्तुपूजनाला नाटकाचा पडदा आला. आमच्या झाडीपट्टीत हिवाळाभर नाटकं होतात. एका नाटक मंडळीनं रंगवलेला जुना पडदा टाकून दिला होता, तो बाईंनी उचलला. गोधडीच्या मागं अर्धा राजवाडा, दोन खांब आणि एका सिंहाची मागची बाजू. पांघरलं की रंगाचा वास यायचा आणि कूस बदलली की पापड मोडल्यासारखा आवाज. एका सकाळी बायको म्हणाली, "तुमच्या पाठीवर खांब उमटलाय." बाईंना मी सांगितलं, झोप फार छान लागली. त्या म्हणाल्या, "मले मालूम होतं. दुसरा अर्धा राजवाडा बी आहे माह्याकडे."

मग माझ्या वडिलांना लकवा मारला.

बाबा अंगानं भारी. तरुणपणी राइस मिलमध्ये पोती उचललेला माणूस. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टरांनी सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. सकाळ-संध्याकाळ मी असायचो. दुपारी मंदा, माझी बायको, एकटी. तिचं वजन बाबांच्या निम्मं. ती काय करते हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

बाई बघायला आल्या. मला वाटलं, आता चादरीला गाल लावणार. त्या खाटेजवळ उभ्या राहिल्या, बाबांच्या पाठीखाली हात घालून बघितला आणि मंदाला विचारलं, "दुपारी कोण पलटवते?"

मंदाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाबांच्या माकडहाडाशी लाल चट्टा पडला होता. मी तो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

बाई तडक गेल्या आणि तासाभरात काखेत गोधडी घेऊन परत आल्या. माझं तोंड आवरलं नाही. "बाई, आज कोणाचा राजवाडा?"

त्यांनी गोधडी उलगडली. मागं काळं, चकचकीत, निसरडं कापड होतं. गोधडी नवी नव्हती. धुऊन धुऊन वरचे रंग गेले होते आणि एका बाजूचा काठ धरून धरून विरला होता.

"चमकती बाजू खाली," बाईंनी सांगितलं. आम्ही तिघांनी मिळून ती बाबांच्या खाली सरकवली. मग मला त्यांनी हातानं मागं सारलं. "तू नोको. मंदे, तू हा भिंतीकडचा काठ धर. उचलू नोको. फक्त आपल्याकडे वढ."

मंदानं ओढलं. बाबा, सबंध बाबा, भिंतीकडून तिच्याकडे सरकत आले आणि हलकेच कुशीवर वळले. तिला जोरसुद्धा लावावा लागला नाही. बाबांनी घशातून एक आवाज काढला. दोन महिन्यांत तो पहिलाच. हसू होतं ते, माझी खात्री आहे.

"हे कोणासाठी शिवलं होतं?" मी विचारलं.

"माय होती माही," बाई म्हणाल्या. "मोहाडीलेच. सहा वर्सं पडून होती. मी एकटीच होती घरात. शाळेच्या मधल्या सुट्टीत सायकलनं जाऊन पलटवून ये." आणि मंदाला काठ कुठं धरायचा ते पुन्हा दाखवू लागल्या.

सतरा वर्षं समोरासमोर राहून त्यांना आई होती हे मला माहीत नव्हतं.

बाबा पुढे आठ महिने होते. तो लाल चट्टा पंधरा दिवसांत गेला आणि पुन्हा आला नाही. ते गेल्यावर मंदानं गोधडी धुतली, उन्हात वाळवली आणि आम्ही दोघं ती परत द्यायला गेलो.

बाईंनी ती मांडीवर घेतली, विरलेल्या काठावरून बोट फिरवलं आणि दुसरीकडेच बघत म्हणाल्या, "आता हे मी ठेवून का करू? मी पडली तं मले कोण पलटवीन?"

मंदा उठली, त्यांच्या मांडीवरची गोधडी उचलून तिनं आपल्या काखेत घेतली.

"मग हे आमच्याकडंच राहू द्या," ती म्हणाली. "तुम्हाला पलटवायला आमच्याच हाताशी लागेल ते."

आम्ही दाराशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला.

"डांबराच्या गोळ्या नोको ठेवजो त्यात. मले वास सहन नाही होत."