ड्रॅगनची पाळी

एका जंगलात, जिथे तुम्ही आईला न विचारता जायचं नाही, एक मोठा सपाट खडक होता. मुलांनो, दर बुधवारी दुपारी जेवणं उरकली की तिथे चार प्राणी खेळायला जमायचे.

खेळ असा. साळिंदर गुणवंतराव गोष्ट सांगायचा आणि बाकीचे तिघे त्या गोष्टीतले शूरवीर व्हायचे. रानडुक्कर धोंडबा व्हायचा राजपुत्र. ठकू सशीण व्हायची तलवारबाज. कासव भिकाजीपंत व्हायचे कासवच, पण चिलखत घातलेलं. हसू नका, त्यांना सुचलं तेवढं त्यांनी केलं. कुणी काही पराक्रम करायचा म्हटला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर पराक्रम झाला, लहान आला तर आपटला.

गोष्टीच्या शेवटी ड्रॅगन यायचा. गुणवंतरावाने त्याच्यासाठी बावीस मंत्र रचून पळसाच्या पानांवर लिहून ठेवले होते. अदृश्य होण्याचा, झोपवण्याचा, दगड करण्याचा, वादळाचा. तीन वर्षांत त्यातला एकही वापरला गेला नव्हता, कारण ड्रॅगनने तोंड उघडायच्या आत धोंडबा त्याला ठार करायचा. त्या दिवशी गुणवंतराव घरी जाऊन बायकोशी बोलायचा नाही.

खेळाचा एक रिवाज मात्र कडक होता. खडकावर आलेल्याने आपली पाळी येईपर्यंत काही करायचं नाही आणि एका पाळीत एकच गोष्ट करायची. हा रिवाज भिकाजीपंत सांभाळायचे. त्यांना दुसरं काम नव्हतं.

आता पलीकडच्या डोंगरावर एक खराखुरा ड्रॅगन राहायचा. त्याचं नाव ज्वालासेन. त्याला मंत्रबिंत्र काही ठाऊक नव्हते. तो यायचा, फुंकर मारायचा, सगळं जळून जायचं आणि तो घरी जाऊन झोपायचा. सुखी जीव होता.

एका बुधवारी तो थेट खडकावर येऊन उतरला.

"तुम्ही मला दर आठवड्याला मारता म्हणे," तो म्हणाला. "आज हे जंगल जाळतो. सुरुवात त्या करवंदीच्या जाळीपासून."

करवंदीच्या जाळीत ठकूचं बीळ होतं. बिळात तिची चार दिवसांची पाच पिल्लं होती. एकेक पिल्लू तोंडात धरून पळायचं म्हटलं तरी पाच खेपा झाल्या असत्या.

ज्वालासेनाने छाती फुगवली.

"थांबा," भिकाजीपंत म्हणाले. "खडकावर आलात ना? मग आधी फासा. ज्याचा आकडा मोठा, त्याची पहिली पाळी."

ज्वालासेनाला आजवर कुणी थांबा म्हटलं नव्हतं. तो इतका चकित झाला, की खरंच थांबला.

फासे पडले. पंतांना सात. धोंडबाला चार. ठकूला एक. ज्वालासेनाला वीस. धोंडबाने सवयीने "वा!" म्हटलं आणि मग त्याला रडू फुटलं.

ज्वालासेनाने जबडा उघडला. आत लालभडक दिसू लागलं. आणि मुलांनो, आता भिकाजीपंतांनी जे केलं, ते दुसऱ्या कुठल्याही शहाण्या प्राण्याने केलं नसतं.

"एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "तुमच्याकडे बावीस मंत्रसुद्धा आहेत. हे लपवून डाव पुढे नेणं नियमात बसत नाही."

"गप्प बसा की हो पंत!" ठकू किंचाळली. "तो नुसत्या फुंकरीने माझी पोरं भाजणार आहे. त्याला आणखी हत्यारं कशाला देताय?"

"नियम म्हणजे नियम, ठकूबाई."

ज्वालासेनाने जबडा मिटला. "मंत्र? मला?"

गुणवंतराव पानांचा गठ्ठा घेऊन पुढे आला. खरं सांगायचं तर त्याला मनातून आनंद झाला होता. अखेर कुणीतरी ते वाचणार होतं.

"ड्रॅगनने म्हटले की लागू पडतात," तो लाजत म्हणाला.

ज्वालासेन वाचू लागला. "आधी सगळ्यांना झोपवतो, मग जाळतो."

"एका पाळीत एकच," पंत म्हणाले. "आणि झोप वीस पावलांपर्यंतच लागते. पलीकडचे पळून जातील."

"मग सगळ्यांना दगड करतो."

"करा. पण दगड जळत नाही."

"मग अदृश्य होऊन जाळतो." हे म्हणून त्यालाच वाईट वाटलं. "पण मग जाळलं कुणी, हे कळणार कसं?"

तो खाली बसला. मग हनुवटी पंजावर टेकून आडवा झाला. सगळ्यांत आधी ठकूच्या ध्यानात आलं. तिने डोळे पुसले आणि त्याच्या नाकाजवळ जाऊन उभी राहिली.

"घाई नका करू महाराज," ती म्हणाली. "वादळाचा वाचलात का? तुम्हाला फार शोभेल तो."

"अगं, त्याला मदत काय करतेस?" धोंडबा ओरडला. ठकूने त्याला लाथ घातली.

ऊन उतरलं तेव्हा ज्वालासेन नवव्या पानावर होता. पंतांनी डाव तहकूब केला. पुढच्या बुधवारी ज्वालासेन पुन्हा तिसऱ्या पानावर होता, कारण त्याला तुलना करायची होती.

चौथ्या बुधवारी मात्र तो ताडकन उठला. "ठरलं! आपली जुनी फुंकरच बरी." छाती फुगली. धूर निघाला. करवंदीची पानं करपू लागली. ठकूने गुणवंतरावाकडे असं पाहिलं, की त्याचे काटे उभे राहिले. त्याने घाईघाईने काट्यांखालून एक नवाकोरा गठ्ठा काढला.

"महाराज, नवी आवृत्ती आली. चाळीस मंत्र वाढलेत. फुंकरीचा नियमही बदललाय."

ज्वालासेनाने धूर गिळला. "आधी सांगायचं नाही का? आता सगळं पहिल्यापासून वाचायला हवं."

या गोष्टीला सहा वर्षं झाली. ज्वालासेन अजून खडकावरच आहे. त्याच्या पाठीवर शेवाळ आलंय. ठकूची नातवंडं त्याच्या शेपटीवरून घसरगुंडी खेळतात. आसपासची जंगलंही हिरवीगार झालीत आणि तिथले प्राणी त्याचं श्रेय आपापल्या राजाला देतात.

नाराज आहेत ते एकटे भिकाजीपंत. ते दर बुधवारी येऊन विचारतात, "झालं का हो तुमचं? माझी पाळी राहिलीय." मग ठकू धावत येते आणि त्यांच्या तोंडात पाला कोंबते.

तात्पर्य: शत्रू बलाढ्य असेल तर त्याचं एकुलतं एक हत्यार काढून घ्यायला जाऊ नये. त्याला आणखी बासष्ट द्यावीत आणि सावकाश निवडा म्हणावं.