व्हर्जिलचे वरचे हात

व्हर्जिल हॉकनबेरी रविवारी दुपारी 'काळी घोडी' नावाच्या रोलर कोस्टरमध्ये बसला तो मजेसाठी नव्हे, धीर गोळा करायला. अडुसष्टाव्या वर्षी एखाद्या बाईला लग्नाचं विचारायचं असलं आणि तीन दिवस उलटले तरी तोंडातून शब्द फुटत नसला, की माणसाला असले मार्ग सुचतात.

चर्चच्या ज्येष्ठ मंडळींची बस शुक्रवारी पार्कात आली होती आणि आज साडेपाचला परत निघणार होती. उद्या नोरीन पिकेट थंडीपुरती फ्लोरिडाला बहिणीकडे जाणार. बहिणीने तिथे तिच्यासाठी एक विधुर हेरून ठेवला होता, आणि तो मेला नेमका दंतवैद्य निघाला. व्हर्जिलला हे फारच झोंबलं, कारण त्याचे वरचे दात नकली होते, सगळी कवळीच. वसंतात चर्चच्या जेवणात नोरीन म्हणाली होती, "व्हर्जिल, या वयात तुझे दात किती सुरेख आहेत रे!" त्यावर खरं सांगून मोकळं व्हायचं सोडून हा गडी नुसता हसला, आणि सगळे दात दाखवून हसला. तेव्हापासून अडकला होता.

नोरीन भोपळ्यांच्या राशीजवळ बाकावर सफरचंदाचं गरम सायडर पीत बसली होती. "तू जाऊन ये," ती म्हणाली, "मला असल्या गोष्टींत पोटातलं वर आलेलं आवडत नाही. पण वेळेवर ये हं!"

पहिल्याच उतारावर व्हर्जिलने जन्मात कधी नव्हे ती मोकळी बोंब ठोकली. बोंब सुटली, आणि तिच्या मागोमाग कवळीही सुटली. त्याने झडप घातली, पण हातात नुसता वारा आला.

खाली उतरल्यावर तो तोंडावर रुमाल धरून फाटकावरच्या मुलीकडे गेला. हॅलोविनच्या, म्हणजे भुताखेतांच्या सणासाठी, सगळ्या नोकरांप्रमाणे तीही मढं बनली होती. गालावर टाके, कपाळात कुऱ्हाड. आता वरची कवळी नसली की व्हर्जिलच्या तोंडून 'द' निघत नाही, त्या जागी 'ह' निघतो.

"माझे हात हरवले," तो म्हणाला.

मुलीने त्याच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "काय म्हणालात, सर?"

"हात! वरचे हात!"

"वरचे? म्हणजे खालचे अजून आहेत ना?"

"खालचे आहेत. वरचे उडाले!"

मुलीचा चेहरा खुलला. तीन आठवडे कुऱ्हाड घेऊन उभी होती बिचारी, पण कुणी तिच्याशी असं रंगून बोललं नव्हतं. "वा सर, झकास जमवलंय! रबरी हात स्मशानाजवळच्या दुकानात मिळतील. आज शेवटचा दिवस, एकावर एक फुकट आहे."

व्हर्जिलने चिडून रुमाल काढला आणि आपलं रिकामं तोंड तिला उघडून दाखवलं. झालं! मागच्या रांगेतली एक बाई आनंदाने किंचाळली. "अगं, हे बघ ना! बोळकं काय हुबेहूब केलंय! काका, तुम्ही इथलंच भूत का? एक फोटो द्या ना." एक फोटो दिला तशा आणखी चौघीजणी आल्या. हॅलोविनच्या दिवसांत हीच तर पंचाईत असते, खरं काही घडलं तरी कुणी खरं धरत नाही. शेवटी सुटका करून घेऊन व्हर्जिल कोस्टरच्या उताराखाली गेला.

तिथे मोसमापुरतं स्मशान मांडलेलं होतं. पुठ्ठ्याची थडगी, धूर सोडणारं यंत्र, आणि कुंपणालगत थडग्यातून अर्धे वर आलेले सांगाडे. सगळे सांगाडे आपले सांगाड्यासारखे हसत होते. एकच जरा वेगळा होता. तो माणसासारखा, चर्चच्या जेवणाला आल्यासारखा अदबीने हसत होता. व्हर्जिलला ते हसू ओळखीचं वाटलं. वाटणारच, रोज सकाळी आरशात तेच बघत होता तो! कुणीतरी झाडलोट करताना कवळी उचलली असणार, आणि या सांगाड्याचे दात पडलेत असं समजून इमानदारीने त्याला बसवून टाकली असणार.

व्हर्जिल कुंपणावरून ओणवा झाला आणि सांगाड्याच्या तोंडात बोटं घातली.

"ओ साहेब!" मागून आवाज आला. डॅरिल नावाचा पहारेकरी होता, पोटावर पट्टा आवळत आला. "शेवटच्या दिवशी सगळ्यांना घरी न्यायला काहीतरी लागतं. सकाळपासून तीन कवट्या गेल्यात. सोडा ते."

"हे हात माझे आहेत!"

डॅरिलने सांगाडा नीट पाहिला. "हात त्याचे त्याला आहेत. तुम्ही दात उपटताय."

"तेच म्हणतोय मी! हात!"

"हात म्हणताय आणि दात ओढताय. एक काय ते ठरवा ना."

"हात!" व्हर्जिल केविलवाणा झाला. "माझे! तोंडातले!"

"तोंडात हात?"

एव्हाना भोवती गर्दी जमली होती. खेळच चाललाय असं वाटून लोकांनी टाळ्या वाजवल्या, एकाने पॉपकॉर्न चघळत "जोरात बोला, इकडे ऐकू येत नाही" असंही सांगितलं. कवळी तोंडात बसवून दाखवली असती तर मिटलं असतं सगळं. व्हर्जिल तेच करणार होता, तेवढ्यात गर्दी बाजूला सारत नोरीन आली. हातात दोन सायडर. व्हर्जिलने झटकन तोंडावर हात ठेवला. त्याला वाटलं, संपलं. गेली ही फ्लोरिडाला.

"मॅडम, हे तुमचे का?" डॅरिलने विचारलं.

"अजून ठरलेलं नाही," नोरीन म्हणाली. "काय केलं यांनी?"

"काय हवंय तेच धड सांगत नाहीत. तुम्हीच विचारून बघा."

नोरीनने व्हर्जिलकडे पाहिलं, सांगाड्याकडे पाहिलं, पुन्हा व्हर्जिलकडे पाहिलं. "व्हर्जिल, तोंडावरचा हात काढ. काय हवंय तुला?"

व्हर्जिलला एकदम फार दमल्यासारखं वाटलं. लपवायचं तरी किती, आणि आता उरलंय काय? त्याने हात खाली घेतला. पुरतं बोळकं उघडं टाकून, डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला, "नोरीन, मला हात हवेत."

नोरीनने दोन्ही सायडर डॅरिलच्या हातात दिले. "हवेत? म्हणजे दोन्ही?"

व्हर्जिल नुसताच मान हलवत राहिला.

"बरं, घे मग," ती म्हणाली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

गर्दीने असा काही कल्ला केला की धुराचं यंत्र कुणी दचकून बंद केलं. डॅरिलने दोन्ही सायडर खाली ठेवले. "लग्नाची मागणी होती होय! मग आधी बोलायचं नाही का, साहेब?" त्याने सांगाड्याच्या तोंडातली कवळी अलगद काढली आणि व्हर्जिलच्या खिशात सारली. "राहू द्या. आमच्याकडून भेट."

बसकडे जाताना व्हर्जिल पाण्याच्या नळापाशी थांबला. कवळी चांगली तीनदा धुतली, तोंडात बसवली, आणि नोरीनकडे तोंड न करताच म्हणाला, "नोरीन, तुला फसवून मला काही नको. मघाशी मी हात मागत नव्हतो. मी दात मागत होतो."

"ठाऊक आहे," नोरीन म्हणाली. "दातच ऐकलं मी. माझे कान शाबूत आहेत."

व्हर्जिल वळला. "मग?"

"मग काय! तीन दिवस बघतेय, तू तोंड उघडतोस आणि त्यात कॉर्न डॉग कोंबून बंद करतोस. म्हटलं, आज अर्धा शब्द तरी बरोबर आलाय. उरलेला आपणच लावून घ्यावा."