सहादेव सर बसेनात

सत्काराच्या दिवशी सहादेव सरांना एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे खुर्ची. गुडघे कामातून गेले होते. सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांतले फरक पोरांना उभ्यानं शिकवण्यात हयात गेली होती. आता हार घ्यावा, दोन शब्द ऐकावेत आणि घरी जाऊन आडवं व्हावं, एवढंच मनात होतं.

पण मंचावर चढताच मागचा फ्लेक्स दिसला आणि सरांना घाम फुटला. त्यांच्या फोटोखाली इंग्रजीत 'सेवानिवृत्त मुख्याध्यापक' हवं होतं, तिथं 'सेवानिवृत्त तत्त्व' छापलं होतं. उच्चार दोन्हींचा प्रिन्सिपल, शेवटची अक्षरं तेवढी वेगळी. आणि प्रमुख पाहुणे होते राहुरीचे राधाकृष्ण सर. इंग्रजीची एक चूक सापडली की हा माणूस ती वर्षभर चारचौघांत चघळायचा.

सरांनी संयोजक कानिफनाथला कोपऱ्यात घेतलं. "हे कोणी लिहून दिलं?"

"मीच की! तुमचाच इद्यार्थी हाय, सर."

"त्या ओळीवर कागद चिकटव."

"तुमच्या फोटोखाली? लोक म्हनतील, सरांचं काय लपवलं?"

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. सर झटकन त्या शब्दापुढे जाऊन उभे राहिले, ते राहिलेच.

"सर, बसा ना," कानिफनाथ म्हणाला.

"ज्या गावानं मोठं केलं, त्याच्यापुढं बसायचं कसं?"

टाळ्या पडल्या. मग सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं तेही बोलले. सरांचे गुडघे ठणकत होते. जरा उजवीकडे कललं की शब्दाची शेपटी उघडी पडायची, की पुन्हा सरळ. राधाकृष्ण सर तर भाषणात गहिवरलेच. "मघापासून बघतोय, हा माणूस बसलेला नाही. एवढी नम्रता तालुक्यात नाही!" सहादेव सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गुडघ्यांमुळे होतं, पण लोकांना वाटलं, सर भारावले.

आभार झाले. कानिफनाथनं माइक घेतला. "जाताना सरांची आठवन न्यायची. घरटी एक स्टीलचा डबा हाय!"

सरांच्या पत्नी मालनबाई पहिला डबा घेऊन कौतुकानं मंचावर आल्या. "अवो, बघा तरी. झाकनावर तुमचं नाव घातलंय, इंग्रजीत."

सरांनी चष्मा लावून पाहिलं. नावाखाली तेच तत्त्व.

"पुसता येतं का रे हे?"

"मशीननं कोरलंय, सर," कानिफनाथची छाती फुगली. "नातवंडं घासतील, तरी जायाचं न्हाई."

समोर राधाकृष्ण सर डबा बगलेत मारून खिशात चष्मा शोधत होते. सहादेव सर फ्लेक्सपुढून बाजूला झाले, त्यांनी खुर्ची ओढली आणि ते बसले.