कुलपांचे गावंडे सर

गावंडे सरांनी माझ्या हातातली नाकात घालायच्या थेंबांची बाटली हिसकावून माझ्याच घराच्या कौलांवर भिरकावली, तेव्हा ते शेजारी राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता.

"किती दिवसांपासून टाकून राहिला गा?" वर पुन्हा दरडावणी.

"झालं की वर्षभर. थेंब सोडले की नाक जास्तच चोंदतं."

"मंग? सर्दी कधीचीच गेली! आता थेंबानंच चोंदून राहिलं ना ते!"

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सर मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवायचे आणि उरलेला वेळ आमच्या रेशीमबागेतल्या गल्लीला. त्यांच्या मते शरीरात जागोजागी कुलपं असतात. रिसेप्टर म्हणायचे ते त्यांना. औषध म्हणजे किल्ली. नाकातल्या शिरांचं कुलूप अल्फा, छातीचं बीटा. "माणूस घाबरला की शरीर सोताच किल्ली फिरवते. वाघ दिसला तर ठीक आहे. तुमच्या नाकात कोणता वाघ शिरला?" हा प्रश्न ते पानठेल्यावर उभ्या असलेल्या कुणालाही विचारत.

मला या माणसाचा मनस्वी संताप येई. नाक माझं, बाटली माझी, यांना काय करायचं? आणि यांच्याच घरात यांची बायको, प्रमिलावहिनी, दम्यासाठी रोज इफेड्रिनच्या, म्हणजे तसल्याच किल्लीच्या, गोळ्या घेत! एकदा मी तसं तोंडावर सुनावलं. एरवी एकाला दहा ऐकवणारे सर तडक घरात निघून गेले.

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. चालताना वहिनींना धाप लागते, म्हणून सर त्यांना सोडायला आले आणि माझ्याबरोबर ओसरीवर बसले. आत माझ्या बायकोने वहिनींना कुंकू लावलं आणि त्यांनी उलट लावावं म्हणून करंडा पुढे धरला. वहिनींनी बोट उचललं. ते कपाळापर्यंत नीट पोहोचेचना.

"हात पाहा वं कसा थरथरून राहिला! काही पिऊन आली काय?" कुणीतरी म्हणालं. बायका हसल्या. वहिनींनी करंडा खाली ठेवून पदर सावरला.

सर चपलांसकट आत घुसले.

"हसता काहून? ते गोळी मी देऊन राहिलो तिले! छातीचं कुलूप उघडते, तसं हाताचंबी उघडते. त्या किल्लीले निवडता नाही येत! बंद करू काय गोळी? हात राहील स्थिर. श्वास नाही राहणार!"

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फाटला. मग ते त्या बायकांच्या मधोमध मांडी घालून बसले आणि वहिनींपुढे कपाळ केलं.

"मले लाव."

"अहो, काहीतरीच काय! बायांमधी..."

"लाव वं."

वहिनींनी लावलं. कुंकू भुवईवरून घसरत पार नाकापर्यंत गेलं. आता कुणी हसलं नाही, पण मला तिथल्या एकेकीचा असा राग आला होता की तिळगूळ परत मागून घ्यावा.

निघताना मी सरांपुढे रुमाल धरला.

"ठेवा तुमच्यापाशी," ते खेकसले. आणि ते वाकडं कुंकू तसंच मिरवत, वहिनी धाप लागून थांबल्या की थांबत, भर उजेडात अख्ख्या गल्लीसमोरून हळूहळू घरी गेले.