सासूबाईंच्या दाराशी रांग

नव्या घरातल्या पहिल्याच सकाळी सासूबाईंनी दार उघडलं, तर बाहेर माणसांची रांग थेट कोपऱ्यापर्यंत!

"जावईबापू, ही मंडळी कोण?"

जावईबापू धावत दाराशी आले. शेजारच्या भल्यामोठ्या थीम पार्कला लागून वसणाऱ्या या नव्या गावाची आखणी त्यांची. घरं तयार होती, पण राहायला कुणी फिरकेना. "रविवारी एक तरी कुटुंब सुखानं नांदताना दिसलं नाही, तर सगळं पाडून पार्किंग करीन," असं पार्कच्या मोठ्या साहेबांनी बजावलं होतं. शेवटी जावईबापू सासू-सासऱ्यांच्या हातापाया पडून त्यांना इथे घेऊन आले. आज रविवार होता.

रांगेचं कारण कळलं तसा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. पार्कातल्या पाळण्यांपुढे रांगेसाठी लावतात ते नागमोडी कठडे उरले होते. काटकसर म्हणून त्यांनीच ते अंगणात कुंपणासारखे लावले होते. पार्कात फिरून आलेली माणसं कठडे दिसताच सवयीनं त्यांत शिरली. पुढे काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण एवढी रांग म्हणजे काहीतरी भारी असणारच!

बघता बघता गर्दी स्वयंपाकघरात घुसली.

"ती आजी बघ, मटार सोलतेय! किती खरी वाटते! हात लावून बघू?" एका तरुणानं मित्राला विचारलं.

"लाव की!" सासूबाई कडाडल्या. "पण शेंगांना लाव. बस खाली!"

तो मुकाट्यानं बसला. मागच्यांना वाटलं, खेळ असाच असतो. कुणी शेंगा घेतल्या, कुणी कपडे वाळत घातले. सासरे बाहेरच्या खोलीत घोरत होते. त्यांनी कूस बदलली तेव्हा टाळ्या पडल्या.

सासूबाईंनी पिशवी उचलली. "मी चालले माझ्या घरी!"

"आई, आजचा दिवस थांबा. माझं गाव जाईल हो!" जावईबापूंनी पिशवीचा बंद धरला. इथली प्रत्येक गल्ली त्यांनी जीव ओतून आखली होती.

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि बाह्या सरसावल्या. "चला, बूट बाहेर! ढकलाढकली केलीत तर हाकलून देईन!"

मोठे साहेबही त्याच रांगेत अडकले होते. त्यांना कुणी पुढे सोडेना. दाराशी पोचले तेव्हा ते घामाघूम झाले होते.

"अहो, मी मालक आहे या सगळ्याचा!"

"बरं झालं भेटलात," सासूबाईंनी त्यांच्या हातात फडकं दिलं. "पंखा तुमचाच ना? बघा किती धूळ!"

साहेब निमूट स्टुलावर चढले. खाली शेंगा सोलणारी एक बाई नवऱ्याला म्हणत होती, "पार्कातल्या गोंगाटानंतर किती निवांत वाटतंय इथे! शेजारचं घर रिकामं आहे का विचारा ना." तिचं ऐकून मागच्यांनीही विचारायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत त्या गल्लीतलं एकही घर शिल्लक राहिलं नाही.

"रांग लावायची युक्ती भन्नाट!" साहेबांनी जावईबापूंची पाठ थोपटली. जावईबापू खरं सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आमचे जावई आहेतच हुशार!"

लग्नानंतर इतक्या वर्षांत हे वाक्य जावईबापूंनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांची छाती फुगली. गाव वाचल्याचा आनंद होताच, पण हा त्याहून मोठा होता.

"उद्या कठडे काढून टाकतो, आई."

"राहू द्या की," सासूबाई म्हणाल्या. "पार्कशेजारी घर मिळालंय म्हटल्यावर आता सगळे नातेवाईक येतील. ओळीनं आलेले बरे."